सगळ्यांचे वीस

“सिस्टर, ह्यांचा दम मोजा की जरा.”

“मोजलाय, काकू.”

“कवा?”

“आत्ताच. तुम्ही चूळ भरायला गेला होता ना, तेव्हा.”

हे साफ खोटं होतं, आणि ते मी हसतमुखानं बोलले. हसतमुख राहायचं हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी माझ्या हुशारीवर शिकले.

तेवीस वर्षांची होते तेव्हा. नोकरी लागून सात महिने झालेले. कुमुदिनी वाघचौरे, स्टाफ नर्स, पुरुष सर्जिकल वॉर्ड. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. नाव निघालं की लोक हॉस्पिटलला बोल लावतील, आणि चूक तर माझी होती. नर्सिंगच्या परीक्षेत मी पहिली आले होते. ही बातमी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत समोरच्याच्या कानावर जाईल, याची मी पक्की व्यवस्था ठेवायचे. माझं अक्षर फार सुंदर. माझे चार्ट बघायला म्हणे दुसऱ्या वॉर्डातल्या पोरी यायच्या. म्हणजे एक आली होती, एकदा.

चार्ट म्हणजे प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला कागद. दिवसातून चार वेळा त्यावर तीन गोष्टी लिहायच्या: ताप, नाडी आणि मिनिटाला श्वास किती. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी हाताला लागते, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की काम झालं. श्वासाचं तसं नाही. पेशंटच्या लक्षात येऊ न देता पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. वॉर्डात कॉटा तीस, म्हणजे तीस मिनिटं नुसतं उभं. कुणाला वेळ आहे? म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती की श्वास सगळ्यांचे वीस. दम्याचा पेशंट, वीस. घोरणारा, वीस. उठून बसून तंबाखू चोळणारा, वीस. पहिल्या आठवड्यात मी एकटीच घड्याळ धरून उभी राहायचे. मग एक सीनिअर म्हणाली, “अगं ए पहिला नंबर, जेवायच्या सुट्टीपर्यंत श्वासच मोजत बसणार का?” सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझेही वीस. पुढे माझा हात इतका बसला, की एकदा आदल्या दिवशी घरी गेलेल्या माणसाचेही मी वीस लिहिले होते.

पण मी पडले हुशार. सगळीकडे वीस-वीस दिसायला बरं दिसत नाही, म्हणून मध्येच एखादा अठरा टाकायचे, एखादा बावीस. कागद कसा भरल्यासारखा दिसायचा. मी स्वतःवर खूश असायचे.

तर ज्या काकू मला दम मोजायला सांगत होत्या, त्या शेवंताबाई. अकरा नंबरच्या कॉटवर त्यांचे यजमान होते, मुरलीधर खरमाटे. वय बावन्न, एस.टी.च्या स्टँडवर कंट्रोलर. गाडी लागली की माईकवरून पुकारतात ना, ते. त्यांच्या आतड्याला पीळ पडला होता. आमचे मोठे सर्जन डॉ. पाटणकर यांनी काळा पडलेला वीतभर तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं टाके घालून जोडली. आज चौथा दिवस. ती जोड धरते की सुटते हे साधारण याच दिवसांत कळतं. धरली तर माणूस आठवड्याभरात घरी. सुटली तर पोटात घाण पसरते, आणि ते वेळेवर लक्षात आलं नाही तर माणूस हातचा जातो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. या प्रश्नाला मला परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते.

खरमाटेकाका मोठे गमतीचे. दुसऱ्या दिवशी नाकात नळी, पोटाला टाके, तरी पडल्या पडल्या हळू आवाजात पुकारा सुरू: “लक्ष द्या! मोठ्या डॉक्टरांची राउंड फलाट क्रमांक एकवर येत आहे. ज्यांनी उशीखाली तंबाखू ठेवली आहे, त्यांनी ती त्वरित हलवावी.” अख्खा वॉर्ड पोट धरून हसायचा, आणि ज्यांच्या पोटाला टाके होते ते हसता हसता कळवळायचे. मग लोक म्हणायचे, “कंट्रोलरसाहेब, मुक्कामाची गाडी होऊ द्या!” की काका डोळे मिटून त्या गाडीची गावं म्हणायचे. बोरदरी, सावरखेड, चिंचवण, हिवरे फाटा अशी अकरा गावं, सगळी एका दमात. शेवंताबाई स्टुलावर बसून “पुरं करा, टाके तुटतील” म्हणायच्या आणि पदराआड हसायच्या.

तिसऱ्या दिवशी पुकारा बंद झाला. माझ्या लक्षातही आलं नाही. उलट म्हटलं, बरं झालं, वॉर्ड शांत आहे.

त्या संध्याकाळी शेवंताबाईंनी मला पहिल्यांदा हटकलं. “सिस्टर, ह्यांला धाप लागतीया.”

मी पेशंटकडे बघितलं नाही. चार्टकडे बघितलं. मीच लिहिलेला आकडा मीच वाचला आणि त्यांना दाखवला. “हे बघा काकू, वीस. वीस म्हणजे एकदम छान. ऑपरेशननंतर माणसं जरा लाड करून घेतात, तुम्ही मनावर घेऊ नका.”

शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या आकड्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली.

आणि आज सकाळी हे पुन्हा. “मोजलाय” म्हणून मी पुढच्या कॉटकडे सरकले. नाडी मात्र मी खरी मोजली होती. एकशे चार भरली होती, ताप शंभर. श्वासाच्या रकान्यात पेन आपोआप वीस लिहून मोकळं झालं.

दहा वाजता राउंड आली. डॉ. पाटणकर पुढे, त्यांच्या मागे आमच्या इनचार्ज साळवे सिस्टर, आणि सगळ्यात मागे मी, पाठ ताठ करून. सरांनी अकरा नंबरचा चार्ट उचलला.

“ताप शंभर. नाडी एकशे चार. हं.” त्यांनी पोटावर हात ठेवला. “दुखतंय का, खरमाटे?”

“थोडं, साहेब.”

“थोडं म्हणजे? काल होतं तेवढंच, की जास्त?”

काकांनी एकदा सरांच्या हातातल्या चार्टकडे बघितलं. “तेवढंच.”

“साहेब, ह्यांचा दम पुरंना,” शेवंताबाई स्टुलावरून उठून म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं. “सिस्टर?”

इथे मला सुटायची संधी होती. फार मोठं काही करायचं नव्हतं, “पुन्हा मोजते सर” एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, “वीस आहेत सर. मी स्वतः मोजलेत.”

साळवे सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे एक नजर टाकली. सर म्हणाले, “वाघचौरेंचा चार्ट आहे ना, मग शंका नको. श्वास वीस आहे म्हणजे नाडी घाबरून वाढली असेल. आज पातळ पेज सुरू करा. दोन-दोन चमचे.” आणि पुढे गेले.

आणि मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत माझ्या चार्टचं नाव घेतलं म्हणून माझे कान गरम झाले. इतकी मी निगरगट्ट.

अकरा वाजता स्वयंपाकघरातून पेज आली. शेवंताबाईंनी वाटी हातात घेतली, तिच्यावर झाकण ठेवलं आणि वाटी खाली ठेवून दिली.

“काकू, भरवा ना. गार होईल.”

“न्हाई भरवणार.”

“अहो, डॉक्टरांनी सांगितलंय!”

“आदी दम मोजा. माझ्यासमोर मोजा. मग भरवते.”

वॉर्डातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. दहा नंबरचा पेशंट तर कोपरावर उठून बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडाणी बाई, चौथी नापास असेल, आणि मला काम शिकवते! मी म्हटलं, “ठीक आहे. मोजते. आणि वीस निघाले की एक शब्द न बोलता भरवायचं.”

“भरवते.”

एप्रनला लावलेलं घड्याळ मी ऐटीत वर धरलं आणि काकांच्या छातीकडे बघायला लागले. पंधरा सेकंदांत नऊ झाले. मला वाटलं, माझाच काहीतरी घोटाळा झाला. पुन्हा पहिल्यापासून, यावेळी पूर्ण मिनिट. बोटांनी मोजत होते. तीस ओलांडले, तरी मिनिट संपेना.

छत्तीस.

मग मी दोन दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाकडे बघितलं. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या. गळ्याखालचा खळगा आत जात होता. कपाळावर घामाचे थेंब, ओठ सुकून पांढरे. पोट फुगून कडक झालेलं, श्वासाबरोबर ते हलतही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही दारातून दिसलं असतं. पहिली आलेली मी, दोन दिवस कॉटच्या पायथ्याशी उभी राहून कागद रंगवत होते.

“किती... भरले... सिस्टर?” काकांनी विचारलं. तीन शब्दांना तीन श्वास.

“किती?” शेवंताबाईंनीही विचारलं.

“थांबा हं, परत एकदा...”

“किती?”

“छत्तीस.”

“आन् किती पायजेत?”

“वीस,” मी म्हणाले. तो शब्द उच्चारताना मला माझीच लाज वाटली.

मी धावत साळवे सिस्टरकडे गेले. त्या आल्या, त्यांनी एकदा बघितलं आणि सरळ ऑपरेशन थिएटरला फोन लावला. सर दोन ऑपरेशनांच्या मध्ये होते, पाच मिनिटांत येतो म्हणाले. ती पाच मिनिटं माझं डोकं फार वेगानं चाललं. पेशंटसाठी चाललं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते चाललं होतं चार्टसाठी. मी पेन काढलं आणि अकरा वाजताच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: छत्तीस. मग लांब धरून बघितलं. वीस, अठरा, वीस, बावीस, वीस, वीस आणि एकदम छत्तीस. कुणालाही वाटावं, की माणूस अकराला बिघडला आणि सिस्टरनं अकरालाच पकडला. माझ्यावर ठपका तर सोडाच, शाबासकी मिळाली असती.

सर आले. चार्ट वाचला. “आठ वाजता वीस, आणि अकराला छत्तीस? तीन तासांत?” त्यांनी पोट दाबलं, काका कण्हले. सर साळवे सिस्टरशी बोलत होते, पण खरं म्हणजे स्वतःशीच बोलत होते. “पोट कडक आहे. मला आधी वाटलं जोड सुटली. पण जोड सुटली असती तर श्वास कालपासून हळूहळू चढत आला असता. इथे तर सकाळपर्यंत सगळं सरळ आहे. एकाएकी असं होतं ते फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली की. सिस्टर, हेपॅरिन काढा. ताबडतोब.”

हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन. गुठळी असेल तर त्यानं जीव वाचतो. पण मुळात जोड सुटली असेल तर एकच उपाय असतो, पोट पुन्हा उघडायचं. आणि रक्त पातळ केलेल्या माणसाचं पोट उघडलं तर तो टेबलावरच रक्त जाऊन संपतो. हेही मला पाठ होतं.

साळवे सिस्टर बाटलीतून औषध सिरिंजमध्ये ओढत होत्या. सर चार्टकडे बघत होते. माझ्या चार्टकडे बघून ते एका माणसाचं काय करायचं हे ठरवत होते.

“सर,” मी म्हणाले.

“बोला.”

“ते वीस... म्हणजे साधारण वीस होते.”

“साधारण म्हणजे?”

“म्हणजे वीसच्या आसपास.”

“वाघचौरे, मला वेळ नाही.”

“सर, मी मोजलेच नव्हते.”

“आठचे?”

“आठचे नाही. कालचेही नाही.” आता सुरू झालं ते थांबेना. “परवाचेही नाही. सर, मी कधीच मोजत नाही.”

“आणि हे अठरा? हे बावीस?”

“ते... दिसायला बरं दिसावं म्हणून.”

साळवे सिस्टरचा हात जिथल्या तिथे थांबला. दहा नंबरचा पेशंट सावकाश आडवा झाला आणि त्यानं डोक्यावरून चादर ओढून घेतली. मला वाटलं सर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चार्ट कॉटवर ठेवला, पालथा.

“मग श्वास कधीपासून चढतोय हे इथे कुणाला तरी ठाऊक आहे का?”

“मला हाय,” शेवंताबाई म्हणाल्या.

सर त्यांच्याकडे वळले. “सांगा.”

“परवा सांजच्याला मुक्कामाच्या गाडीची सगळी अकरा गावं एका दमात म्हणले. काल सकाळी माझ्यापुरतं हळूच म्हणाया लागले, तर सहा गावं म्हणून थांबले, दम घेतला. काल सांजला चारावर थांबले. आज पहाटं मीच म्हणले, म्हणा बरं गावं, तर दोन झाली आन् धाप लागली. आता येक गाव बी जाईना.” मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मी सांगत होते. दोनदा सांगितलं.”

“अकरा, सहा, चार, दोन,” सर पुटपुटले. त्यांनी साळवे सिस्टरच्या हातातल्या सिरिंजकडे बघितलं. “ते ठेवून द्या. थिएटरला सांगा, पुढची केस थांबवा. जोड सुटलीय. कालच सुटलीय.” आणि जाता जाता पेजेच्या वाटीकडे बघून शेवंताबाईंना म्हणाले, “भरवली नाही ना?”

“न्हाई.”

“फार चांगलं केलंत.”

दहा मिनिटांत स्ट्रेचर गेलंसुद्धा. मी वॉर्डाच्या मधोमध उभी. हातात काही नाही, काय करावं सुचेना. साळवे सिस्टर टेबलापाशी बसल्या होत्या. त्यांनी जुन्या चार्टांचा गठ्ठा काढला होता आणि एकेक कागद उलटत होत्या. त्या मोठ्या कडक बाई. बावीस वर्षांची नोकरी. मला वाटलं, आता माझी बदली, नाहीतर घरीच.

“हा बघ,” त्या म्हणाल्या. “वीस. वीस. वीस. हे अक्षर ओळखतेस?”

ते त्यांचं अक्षर होतं.

“तू कुणाकडे बघून शिकलीस ते मला ठाऊक आहे, कुमुद. साहेबांना मी सांगणार आहे, माझंही. ते माझं मी बघीन.” त्यांनी चष्मा काढला. “तू आता त्या बाईजवळ जाऊन बस.”

“मी? त्या मला हाकलून देतील.”

“देऊ दे. जा.”

शेवंताबाई थिएटरसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. मध्ये दोन माणसं आरामात मावली असती. त्यांनी हाकललं नाही. मग म्हणाल्या, “कालबी मोजलं नव्हतं? मी सांगितलं तवा?”

“नाही.”

“मग ते लाड करून घेत्यात म्हणलात ते?”

“ते मी उगाच म्हणाले.”

“उगाच,” त्या म्हणाल्या. जरा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तुम्ही गेल्यावर मी बोलले त्यांला. लई बोलले. म्हणलं, ती पोरगी येवढी शिकलेली, ती सांगती समदं बेस हाय. तुम्ही गप पडा, लोकांपुढं सोंगं करू नका. तर जे गप झाले, ते पहाटंपतूर बोललेच न्हाईत. मला वाटलं, रुसले.” त्यांनी थिएटरच्या दाराकडे बघितलं. “आन् आता आत नेलं. माझं त्यांच्याशी तेच शेवटचं नीट बोलणं झालंय.”

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, युनिफॉर्मवर, जाणारे-येणारे बघत होते. शेवंताबाईंनी माझी समजूत काढली नाही. काढायचं काही कारणही नव्हतं. नवरा त्यांचा आत होता आणि रडत मी होते. इतका वेळ सगळं माझंच चाललं होतं, आता रडणंही माझंच. हे लक्षात आल्यावर मी डोळे पुसले आणि गप्प बसले.

दोन तासांनी सर बाहेर आले. टोपीला घामाचा पट्टा उमटला होता. जोड सुटलेलीच होती. पोट धुऊन काढलं, आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढून ठेवलं. “वाचले असं आज म्हणत नाही,” ते शेवंताबाईंना म्हणाले. “पण अजून उशीर झाला असता तर हेही म्हणायची वेळ आली नसती.” माझ्याशी बोलले नाहीत. मेमो दुसऱ्या दिवशी आला, साळवे सिस्टरना आणि मला, एकाच टाइपरायटरवरचा.

पुढचे पाच दिवस काकांच्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि शुद्ध असून नसल्यासारखी. त्या पाच दिवसांत मी त्यांचा श्वास दर तासाला मोजला. पूर्ण मिनिट. शेवंताबाई स्टुलावरून माझ्या घड्याळाकडे बघत राहायच्या. मिनिट संपलं की विचारायच्या, “किती?” मी सांगायचे. चाळीस. अडतीस. चाळीस. चौतीस. सदतीस. खरे आकडे दिसायला अगदी बेंगरूळ असतात. वर जातात, खाली येतात, खाडाखोड होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात घाणेरडा चार्ट. चौथ्या दिवशी तीस झाले, पाचव्या दिवशी चोवीस, आणि शेवंताबाई मला पहिल्यांदा म्हणाल्या, “चहा घेतला का?”

सहाव्या दिवशी सकाळी काका बोलायला लागले. पाणी मागितलं, कापूस ओला करून ओठांवर फिरवला. मी मनात माफीचं भाषण तयार केलं होतं. चांगलं होतं भाषण, तीनदा घोकलेलं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. मी घसा खाकरला तेवढ्यात शेवंताबाई म्हणाल्या, “सिस्टर, ते सांगा त्यांला. तुम्हीच सांगा.”

भाषण गेलं उडत. मी म्हणाले, “काका, तुमचे श्वास मी मोजलेच नव्हते. वीस वीस म्हणून नुसते लिहीत होते. तुम्हाला खरंच धाप लागत होती. काकू सांगत होत्या ते खरं होतं, मी खोटं सांगितलं.”

काका छताकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, “म्हणजे माझं मन कच्चं नव्हतं.”

“काय म्हणता?” शेवंताबाई पुढे वाकल्या.

“अगं, मला वाटलं... आकडा बरोबर आहे, सगळं बरोबर आहे, तर मला हे का होतंय? म्हटलं, आपणच भित्रे. पोटात आग पडली होती. मोठे साहेब विचारत होते, तेव्हा थोडं म्हणालो.” ते थांबले, दम घेतला. “वीस आहेत म्हटल्यावर जास्त कसं सांगायचं?”

“आन् मी तुम्हाला सोंगं म्हणले!”

“तू म्हणालीस त्याचं काही नाही. मलाच पटलं होतं ते.”

तेव्हा शेवंताबाई रडल्या. ऑपरेशनच्या दिवशी नाही, पाच दिवसांत नाही, तेव्हा. काकांचा हात हातात घेऊन, कपाळ कॉटच्या कडेला टेकून. काका सलाइन नसलेल्या हातानं त्यांच्या डोक्यावर थोपटत होते आणि “अगं, लोक बघतायत” म्हणत होते. मी घड्याळ हातात धरून तिथेच उभी. निघून जावं तर ते बरं दिसेना, थांबावं तर माझं तिथं काही काम नव्हतं. मला वाटत होतं की माझा कबुलीजबाब म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्या दोघांना माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं. मी त्यांच्यात एक खोटा आकडा आणून ठेवला होता, तो उचलून नेला, एवढंच.

बऱ्याच वेळानं शेवंताबाईंनी डोळे पुसले आणि मान वर केली. मी अजून उभी आहे हे बघून त्यांना जरा नवल वाटलं असावं.

“ह्यांनी मला माफ केलं, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “तुमचं मी अजून ठरवलं न्हाई.”

अकरा दिवसांनी ती दोघं घरी गेली. आज मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली. त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही, आणि जाऊन विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही.